पावसकरांसाठी ग्राफिक्स कार्ड

कार्ड स्लॉटमध्ये जात नव्हतं आणि मी ते दोन्ही अंगठ्यांनी दाबत होतो.

"साठे, जरा जोर लावा," मागे उभे असलेले गद्रे साहेब म्हणाले.

मी जोर लावला. कट्ट असा आवाज झाला आणि कॉम्प्युटरच्या पोटातून प्लास्टिकचा एक काळा तुकडा उडून साहेबांच्या हातातल्या चहाच्या बशीत पडला.

"हे काय?" साहेबांनी तो चिमटीत धरून विचारलं.

"नक्की सांगता येणार नाही, सर."

या सगळ्या प्रकरणात मी साहेबांना जी काही टेक्निकल माहिती दिली, त्यातलं सर्वांत अचूक वाक्य हेच. नशीब एवढंच, की तो तुकडा शेजारच्या रिकाम्या स्लॉटच्या कडेचा निघाला. मशीन बंद पडलं नाही. माझा चेहरा मात्र पडला, कारण तोवर मला कळून चुकलं होतं की हे कार्ड या मशीनचं नव्हेच. गोल पिनांचा प्लग चपट्या भोकांत घालायचा प्रयत्न मी चारचौघांसमोर पाऊण तास केला होता.

ही नव्वदीच्या दशकाच्या मधली गोष्ट. आमचं ऑफिस तुर्भ्याला, एमआयडीसीतल्या एका गाळ्याच्या माळ्यावर. काम पायपिंगचं. म्हणजे एखाद्या केमिकल कारखान्यात कुठला पाइप कुठून निघून, कशाला वळसा घालून कुठे पोचणार, याची ड्रॉइंग्ज करून द्यायची. मी मेकॅनिकलवाला, एस्टिमेट्स काढायचो. पण वाशीला रविवारी रविवारी जाऊन मी कॅडचा एक कोर्स केला होता. कॅड म्हणजे कॉम्प्युटरवर ड्रॉइंग काढायची पद्धत. कोर्सची जाहिरात हिनं पेपरात वाचली, फॉर्म हिनं आणला, मी फक्त जाऊन बसत होतो. तरीही सर्टिफिकेट माझ्या नावाचं असल्यामुळे ऑफिसात पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा साहेबांनी जाहीर केलं, "कॉम्प्युटरचं सगळं साठे बघतील." मी चाळिशी गाठलेला माणूस. नाही म्हणायची लाज वाटली.

कॉम्प्युटरसमोर बसायचे मात्र पावसकर. पावसकर आमचे सीनियर ड्राफ्ट्समन. मूळचे राजापूरकडचे, वय पन्नाशीच्या पुढे, अंगात कायम अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट. आयुष्यभर ड्रॉइंग बोर्डवर उभं राहून काम केलेलं. ट्रेसिंग पेपरवर शाईनं काढलेली त्यांची रेघ अशी असायची, की साईटवरचे फिटर विचारायचे, "पावसकरांचं ड्रॉइंग आहे ना? मग बघायला नको." पण आता क्लायंटला ट्रेसिंग नको होतं, फ्लॉपी हवी होती. म्हणून पावसकरांना बोर्डवरून उचलून खुर्चीत बसवलं. मी शिकवलं, ते शिकले. माझ्यासारख्यानं शिकवूनही शिकले, यातच त्यांची हुशारी दिसते.

अडचण एकच. काम पुढे सरकत नव्हतं. बोर्डवर आठवड्यात होणारं ड्रॉइंग कॉम्प्युटरवर महिना खात होतं. पावसकर दोन रेघा काढायचे आणि स्क्रीन काळा व्हायचा. मग एकेक रेघ मुंगीसारखी उमटत राहायची. ते हाताची घडी घालून बघत बसायचे. ड्रॉइंग पुरतं उमटेपर्यंत चहावाला येऊन जायचा.

साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"साठे, प्रॉब्लेम मशीनचा आहे की माणसाचा?"

"मशीनचा, सर," मी म्हणालो. पावसकर केबिनच्या काचेतून दिसत होते, म्हणून.

"बघा हं. माझ्या साडूची मुलगी हाच कोर्स करून बसलीये घरी. फास्ट आहे. पावसकरांना तळोज्याच्या साईटवर स्टोअर सांभाळायला पाठवू. व्हॉल्व्ह नि फ्लँज मोजतील. पगार तोच."

पगार तोच, हे खरं. पण ज्या माणसानं पंचवीस-तीस वर्षं रेघ मारली, त्यानं पत्र्याच्या शेडमध्ये बसून बोल्ट मोजायचे? माझ्या तोंडून निघून गेलं, "सर, ग्राफिक्स कार्ड जुनं आहे. ते बदललं की होईल."

"किती लागतील?"

"बघून सांगतो."

"पाच आकडी नको," साहेब म्हणाले. "आणि त्यानंतर मला कारणं नकोत."

आता ग्राफिक्स कार्ड म्हणजे काय, ते सांगतो. कॉम्प्युटरनं आत जे काही ठरवलं ते स्क्रीनवर उमटवण्याचं काम या कार्डाचं. हातभर मशीनमध्ये वितभर हिरवी पट्टी, तिच्यावर चिपा. चांगलं कार्ड असेल तर चित्र झटकन दिसतं, असं मला कोर्समध्ये सांगितलं होतं. त्यापलीकडे मला काही माहीत नव्हतं, आणि दुकानदारांना माझ्यापेक्षा फार जास्त माहीत होतं असंही म्हणवत नाही.

वाशीत दोन आणि लॅमिंग्टन रोडला दोन, अशी चार दुकानं मी पालथी घातली. पहिला म्हणाला, मेमरी बघा, एक एमबी कॅडला काय पुरणार, दोन एमबी घ्या. दुसरा म्हणाला, मेमरीनं काही होत नाही, चिप बघा. तिसरा म्हणाला, चिपा सगळ्या तैवानहूनच येतात, खरी गोष्ट ड्रायव्हर. ड्रायव्हर म्हणजे कार्डाला कॅडची भाषा समजावणारा छोटासा प्रोग्रॅम, फ्लॉपीवर मिळतो. चौथा माझं सगळं ऐकून घेऊन म्हणाला, "तुमी पयला मॉनिटर बदला."

घरी येऊन मी चारही कोटेशनं डायनिंग टेबलावर मांडली. आम्ही तेव्हा जुईनगरला सिडकोच्या फ्लॅटमध्ये राहायचो. ही सानपाड्याच्या एका शाळेत गणित शिकवायची. वह्या तपासता तपासता तिनं विचारलं, "चौघांत मिळून एका तरी गोष्टीवर एकमत आहे का?"

"आहे. आज घ्या, पुढच्या आठवड्यात डॉलर वाढणार."

"मग तुमचं काय मत?"

"मला चौघांचंही पटलं," मी म्हणालो.

ती पुन्हा वह्यांकडे वळली.

शेवटी मी सर्वांत नवीन दिसणारं कार्ड उचललं. नवीन आहे म्हणजे चांगलंच असणार, असा साधा हिशोब. ते नव्या पद्धतीच्या स्लॉटचं होतं, त्याला पीसीआय म्हणतात. आमच्या मशीनला त्याआधीच्या पद्धतीचा लांबलचक स्लॉट, व्हीएल बस नावाचा. दोन्ही नावं मी कोटेशनांत वाचली होती. ती कंपन्यांची नावं असावीत असा माझा समज. पुढे बशीत तुकडा पडला, ते सांगून झालंच आहे.

कार्ड घेऊन परत गेलो. लॅमिंग्टन रोडचे निलेशभाई. दुकान एवढं अरुंद, की गिऱ्हाईक आत आलं की मालकाला श्वास रोखावा लागे.

"साठे साहेब, ये क्या किया? दाबला काय?"

"जरासा."

"याच्यावर अंगठ्याचा निशाण हाय. ये कार्ड हाय, लिंबू नाय." त्यांनी कार्ड उजेडात धरलं. "मशीन कोणता?"

"फोर एटी सिक्स."

"स्लॉट लंबा का छोटा?"

"लंबा."

"मग मला पयला बोलायचा ना! छोटावाला कशाला नेला?"

"तुम्ही विचारलं नाहीत."

"तुमी इंजिनीअर बोलला," निलेशभाई दुखावल्या आवाजात म्हणाले. "इंजिनीअरला मी काय विचारू?"

माणूस भला. थोडे पैसे कापून त्यांनी बदली दिली. लांब स्लॉटचं, दोन एमबीचं, जरा जुनं झालेलं आणि म्हणूनच परवडणारं कार्ड. सोबत आमच्या कॅडसाठीची ड्रायव्हरची फ्लॉपी. रक्कम पाच आकड्यांच्या उंबरठ्यावर येऊन अलीकडेच थांबली. मी जिंकल्यासारखा परत आलो.

या खेपेला कार्ड लोण्यात सुरी जावी तसं बसलं. ड्रायव्हर टाकला. पावसकरांचं पंपहाऊसचं ड्रॉइंग उघडलं. चौदा इंची स्क्रीनवर अख्खं पंपहाऊस दाखवलं तर पाइप केसासारखे दिसतात, म्हणून काम करताना एखादा भाग मोठा करून बघावा लागतो. त्याला झूम म्हणतात. मी एका पंपावर झूम केलं. चुटकीसरशी! मागे आलो. चुटकीसरशी! दुसऱ्या पंपावर गेलो. साहेबांना बोलावून दाखवलं. साहेबांनी चक्क माझ्या पाठीवर थाप मारली.

"बसा पावसकर," मी खुर्ची सोडत म्हणालो. "पळवा आता."

पावसकर बसले. कीबोर्डला हात लावून तो कपाळाला लावला, कामाला लागताना बोर्डलाही ते तसंच करायचे. दोन रेघा काढल्या. स्क्रीन काळा झाला. आणि मुंगी निघाली.

मी बघतच राहिलो.

"उठा जरा," म्हणालो. स्वतः बसलो. झूम, चुटकीसरशी. मागे, चुटकीसरशी.

"बसा."

मुंगी.

"ओ साठे," पावसकर हळूच म्हणाले, "ह्याला माझं तोंड आवडत नाय."

मी त्यांना हसून उडवून लावलं, पण खरं सांगतो, मनातून चरकलो होतो. मशीन तेच, कार्ड तेच, ड्रॉइंग तेच. मी बसलो की पळतं, पावसकर बसले की रांगतं. मी ड्रायव्हर काढून परत टाकला. कार्ड काढून फुंकर मारून परत बसवलं. मॉनिटरची वायर बदलली. ट्यूबलाइटसुद्धा बंद करून बघितली, का ते विचारू नका. निलेशभाईंना फोन लावला. ते म्हणाले, "माणूस बदलून फरक पडतो ना? मग ती माझी वॉरंटीमधी नाय."

साहेब केबिनमधून सगळं बघत होते. बाहेर आले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "चला, एक गोष्ट क्लिअर झाली. प्रॉब्लेम मशीनचा नाही." मग पावसकरांकडे न बघता मला म्हणाले, "सोमवारी क्लायंट येतोय. हे ड्रॉइंग तोवर पूर्ण झालं तर ठीक. नाहीतर मंगळवारपासून ती मुलगी बसेल."

पावसकरांनी ड्रॉवरमधून आपली जुनी पेनं काढली, फडक्यानं पुसली आणि परत ठेवली. मला एकदम वाटलं, या माणसाला मशीनवर मीच बसवलं आणि आता मीच त्याला तळोज्याला धाडतोय. तेही ऑफिसच्या पैशातून कार्ड विकत घेऊन.

मला दुसरं काहीच सुचेना, म्हणून मी स्टूल ओढून त्यांच्या शेजारी बसलो. काही शोधायला म्हणून नव्हे. आपण असंच बाजूला बसलो तर त्यांना जरा बरं वाटेल म्हणून.

ते काम करत होते. एका पाइपच्या दोन रेघा काढल्या. मग पायानं खुर्ची मागे ढकलली, टाइप केलं झूम, एंटर, ऑल, एंटर. स्क्रीन काळा. मान तिरकी करून ते वाट बघू लागले. अख्खं पंपहाऊस उमटलं. त्यांनी ते वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, स्वतःशीच मान हलवली, खुर्ची पुढे घेतली, झूम करून पुन्हा आपल्या पाइपवर आले. दोन रेघा. खुर्ची मागे. झूम ऑल.

"पावसकर, हे मध्येच काय करता?"

"काय करतो?"

"अख्खं ड्रॉइंग कशाला बघता दर वेळी?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं मी विचारलं की जेवताना ताटाकडे कशाला बघता. "न बघता पुढची रेघ कशी मारणार? पाइप आला कुठून, निघाला कुठं, मध्ये कॉलम येतो काय, ते बघाय नको?"

आणि मला ते बोर्डवर दिसले. इतकी वर्षं रोज दिसत होते. दोन रेघा मारायच्या, पेन वर धरायचं, मागे सरकायचं, सबंध शीटवर नजर फिरवायची, परत पुढे. आम्ही त्याला पावसकरांची फुगडी म्हणायचो. बोर्डवर मागे सरकायला काही लागत नाही. इथे त्यांनी बिचाऱ्यांनी तेच करायला झूम ऑल शोधून काढलं होतं.

आता यातली मेख अशी. झूम ऑल म्हटलं की कॉम्प्युटर नुसतं चित्र दाखवत नाही. प्रत्येक रेघ, प्रत्येक गोल तो पहिल्यापासून पुन्हा गणित करून काढतो. त्याला रीजेन म्हणतात. आणि हे गणित कार्ड करत नाही, मशीनचा प्रोसेसर करतो. पंगतीत वाढपी कितीही चपळ असला, तरी आत आचाऱ्यानं जिलब्या नव्यानं तळायला घेतल्या तर तो बिचारा रिकामं ताट घेऊन उभाच राहणार. मी एवढी वणवण करून वाढपी बदलला होता. आणि मी स्वतः चाचणी घेताना चुटकीसरशी मागे कसा येत होतो? मी झूम प्रीव्हियस वापरत होतो. म्हणजे तळून ठेवलेलंच परत वाढ. ते मी का वापरत होतो, तर कोर्सवाल्यांनी तसं सांगितलं होतं. त्यांनी कारण सांगितलं नव्हतं आणि मी विचारलं नव्हतं.

मोठा शोध लागल्यासारखा मी म्हणालो, "पावसकर, आजपासून झूम ऑल बंद."

पावसकरांनी आज्ञाधारकपणे बंद केलं. तासाभरानं बघतो तर काम धावत होतं, आणि पंपात येणारी सक्शनची एक पाइपलाइन सरळ काँक्रीटच्या कॉलममधून आरपार गेली होती. पावसकरांच्या हातून असं आजवर झालं नव्हतं. ते स्क्रीनकडे बघून नुसते घाम पुसत राहिले.

"मला मागं सरकल्याबिगर दिसत नाय ओ," ते म्हणाले. "कान धरून एकाच नळीपुढं बसवल्यासारखं वाटतं."

म्हणजे त्यांची सवय चुकीची नव्हतीच. फुगडी हवीच होती. फक्त जिलब्या नव्यानं तळायला नको होत्या. मी डोकं धरून बसलो. कोर्समध्ये व्ह्यू नावाची एक कमांड शिकवली होती, स्क्रीनवर जे दिसतंय ते एखाद्या नावानं जपून ठेवायची. ती कशासाठी असते ते मला तेव्हाही कळलं नव्हतं. म्हटलं, बघू तरी. अख्खं पंपहाऊस एकदा दाखवलं आणि ते नुसत्या पी अक्षरानं जपून ठेवलं. मग एका पंपावर झूम केलं आणि पी परत मागवला.

अख्खं पंपहाऊस चुटकीसरशी समोर.

खात्री पटेना, म्हणून मी पाच-सहा वेळा केलं. मग पावसकरांनी केलं. तसंच! गणित न करता, जपलेलं चित्र फक्त दाखवायचं होतं, आणि दाखवायचं काम नव्या कार्डाचं. म्हणजे इतक्या गोंधळातून आणलेलं ते कार्ड अखेर कामाला आलं. हे मी ठरवून केलं असतं तर छाती फुगवून सांगितलं असतं.

पावसकरांनी पायानं खुर्ची मागे ढकलली. पी मागवला. वरपासून खालपर्यंत बघितलं. "आता कसं," म्हणाले, आणि सक्शनची लाइन कॉलमच्या बाहेरून वळवली.

सोमवारी क्लायंटचा माणूस आला तेव्हा फ्लॉपी तयार होती. त्यानं प्रिंट बघितली, एका व्हॉल्व्हवर बोट ठेवून विचारलं, "हा इथे हाताला येईल का?" पावसकर म्हणाले, "येणार. खाली उभं राहून बघा." एवढंच. तळोज्याच्या स्टोअरला नंतर साहेबांनी दुसराच कुणी माणूस ठेवला.

क्लायंट गेल्यावर साहेब माझ्याकडे वळले.

"शुक्रवारपर्यंत रांगत होता माणूस. काय होतं नक्की?"

खरं सांगायचं तर पावसकरांची सवय सांगावी लागणार. मग साहेब म्हणणार, म्हणजे मी म्हणालो तेच, प्रॉब्लेम माणसाचाच. आणि पुढच्या ड्रॉइंगला जरा उशीर झाला की साडूची मुलगी पुन्हा दारात उभी. पावसकर शेजारच्या टेबलावर उगाचच पेन्सिलीला टोक काढत होते.

"ड्रायव्हर मी चुकीचा टाकला होता, सर," मी म्हणालो. "पुन्हा टाकला. झालं."

"वाटलंच मला," साहेब म्हणाले आणि केबिनमध्ये गेले.

कुणी मशीन घ्यायचा सल्ला विचारला, तर तेव्हापासून मी आधी त्या माणसाच्या शेजारी अर्धा दिवस स्टूल टाकून बसतो. लोकांना वाटतं मी फार खोलात जातो. खरं म्हणजे कार्डातलं मला अजूनही फारसं कळत नाही.

त्या संध्याकाळी जेवताना मी हिला सगळं सांगितलं. शेवटी जरा थांबून, साहेबांना दिलेलं उत्तरही सांगितलं. वाटलं, कौतुक करेल.

तिनं आमटीची वाटी पुढे सरकवली. "आणि साहेबांनी उलट एकही प्रश्न विचारला नाही? लगेच पटलं त्यांना?"

"लगेच."

"मग छान केलंत," ती म्हणाली. "पुढच्या वेळीही कुणाला वाचवायचं असेल तर असंच काहीतरी सांगा, तुमच्याबद्दल सहज पटेल असं."